वाकून वाचायचं नाव

बर्लिनला फुटपाथवरून चालताना पायाखाली पितळेचा छोटा चौकोन चमकला. वाकून पाहिलं. 'इथे राहत होते', आणि खाली एक नाव, जन्मसाल, कधी पकडून नेलं, कुठे मारलं. गुंटर डेमनिग या कलाकाराने १९९० च्या दशकात असे दगड बसवायला सुरुवात केली; २०२३ पर्यंत युरोपभर एक लाख झाले. जेमतेम चार इंचांचा दगड, पण वाकल्याशिवाय वाचता येत नाही.

मग ती नेहमीची तुलना मनात आलीच. जर्मनांनी कबूल केलं, जपान्यांनी नाही. रुथ बेनेडिक्टबाईंनी १९४६ सालीच याचं उत्तर देऊन ठेवलंय : पाश्चात्त्यांना आतून अपराधी वाटतं, जपान्यांना चारचौघांत लाज वाटते. (बाई स्वतः जपानला कधी गेल्या नव्हत्या!) 'लोक काय म्हणतील' हे ऐकतच मी लहानाची मोठी झाले, त्यामुळे मला हे पटायचंही.

आता तेवढं पटत नाही. ७ डिसेंबर १९७० ला विली ब्रांट वॉर्साच्या घेट्टो स्मारकापुढे गुडघे टेकून बसले. हा माणूस नाझींच्या काळात देश सोडून नॉर्वेला गेलेला, त्याने कुणाचं काय वाकडं केलं होतं? आणि 'डेर श्पीगेल'च्या पाहणीत ४८ टक्के पश्चिम जर्मनांना ते अति वाटलं, ४१ टक्क्यांना योग्य. कुठे गेली ती आतली अपराधभावना? उलट जपानमध्ये साबुरो इएनागा हे इतिहासकार पाठ्यपुस्तकांतल्या काटछाटीविरुद्ध १९६५ पासून ३२ वर्षं सरकारशी कोर्टात भांडले.

आणि आपण? टोकियो खटल्यात सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारे एकटे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल. जेत्यांनी हरलेल्यांवर चालवलेला खटला त्यांना मान्य नव्हता. हे मी कितीदा तरी अभिमानाने सांगितलंय. ज्या यासुकुनी देवळात १९७८ साली १४ 'अ' वर्ग युद्धगुन्हेगारांना स्थान दिलं गेलं, तिथेच २००५ साली पालांचं स्मारक उभं राहिलं, हे वाचलं तेव्हाही छाती फुगली होती.

नंतर कळलं, नानकिंगमधल्या अत्याचारांचे पुरावे प्रचंड आहेत हेही पालांनी त्याच निकालपत्रात लिहिलंय. ते मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे माहीत नव्हतं हे खरं, पण शोधलंही नव्हतं ना.

एकदा एका चिनी बाईंशी गप्पा मारताना मी पालांचा विषय काढला होता. त्या काहीच बोलल्या नाहीत, चहा ढवळत राहिल्या. मला वाटलं, त्यांना पाल माहीत नसतील.