आठ दिवसांची चावी

माउली, भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ आपल्या पुष्कळांच्या घरी होते. स्कॉटलंडमधली जुनी घड्याळे मात्र माणसाहून उंच, कपाटासारखी जमिनीवर उभी. त्यांना ‘आजोबा घड्याळ’ हे नाव मिळाले ते १८७६ सालच्या एका अमेरिकन गाण्यामुळे. घड्याळे त्याहून कितीतरी जुनी.

आत शिशाची दोन वजने टांगलेली असतात, एक चालीसाठी, एक ठोक्यांसाठी. वजनाला खाली यायची घाई. मोकळे सोडले तर चाके गरगरा फिरून क्षणात सारे संपेल. ती घाई नांगराच्या आकाराचा एक पोलादी आकडा अडवतो. सुमारे एक मीटरचा लंबक एका बाजूहून दुसरीकडे जायला एक सेकंद घेतो, आणि तेवढ्यात चाक किंचित सुटून पुन्हा अडते. माउली, आपण ऐकतो ती टिकटिक चाक सुटल्याची नव्हे, अडल्याची. दिवसाकाठी ८६,४०० वेळा.

जन्मभर घड्याळजीचा धंदा केल्यामुळे, एडिंबरोला मुलाकडे गेलो असता शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मला बोलावून नेले. दर रविवारी त्यांच्या पत्नी चावी देत. त्या वारल्या, पुढे खोलीत जाड गालिचा आला, आणि घड्याळ चालेना. कोणी सल्ला दिला होता, आतले काढा, सेलचे यंत्र बसवा. मी लंबक हलवून कान लावला. टिक आणि टॉक यांतले अंतर सारखे नव्हते. घड्याळ लंगडत होते. गालिच्यावर ते एका अंगाला कलले होते, एवढेच. लाकडाची एक पाचर पुरली. चावी मात्र मी दिली नाही, त्यांनाच द्यायला लावली.

सेलचे यंत्र वाईट असते असे नाही, वेळ ते अधिक चोख दाखवते. पण या घड्याळात किती हात आहेत पाहा. एडिंबरोचे घड्याळजी धातुकाम करणाऱ्यांच्या संघात मोडत. परीक्षेचे काम स्वतः करून दाखवल्याखेरीज प्रवेश नसे. रंगीत तबकड्या पुष्कळदा बर्मिंगहॅमहून येत, कोपऱ्यांत चार ऋतूंची चित्रे असत. तबकडीवर नाव एकट्या घड्याळजीचे. महोगनीची पेटी करणारा सुतार आणि चितारी बहुधा बिननावाचेच. दुरुस्ती करणारे आतल्या पितळी पत्र्यावर आपले नाव आणि साल बारीक कोरून ठेवतात. आतले काढले की तीही नावे भंगारात जातात.