हत्यारांना हक्काची जागा

शाळेच्या स्मरणिकेत आठवणींचे आणि गौरवाचे लेख पुष्कळ असतील. आम्ही मात्र एका लहानशा घरगुती विषयावर लिहिण्याचे योजिले आहे. आमच्या घराच्या मागील पडवीत सुतारकामाची एक जागा आहे. लांबी 10 फूट, रुंदी 7 फूट, वर पत्रे. एवढ्याशा जागेत हत्यारे कशी मांडावीत आणि कामाला लागणारी साधी उपकरणे घरीच कशी तयार करावीत, हे आम्ही घरच्या चौघांनी मिळून गेल्या काही वर्षांत शिकून घेतले. वसतिगृहात एका पत्र्याच्या पेटीत ज्यांनी वर्षभराचा संसार नीट बसवला, त्या माजी विद्यार्थ्यांना हा विषय परका वाटणार नाही.

हत्यारे आमच्या बाबांची. सुतारकी हा आमच्या घराण्याचा पिढीजात व्यवसाय नव्हे. बाबांनी ती रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी करून शिकून घेतली आणि पगारातून एकेक हत्यार विकत घेतले. कोणत्या हातात कोणते हत्यार असावे हे जन्मावरून ठरवणाऱ्या समाजात, स्वतःच्या कमाईच्या रंध्याला काय मोल असते, हे वाचकांना सांगायला नको. निवृत्तीनंतर त्यांना काचबिंदू झाला. गेलेली दृष्टी परत येणार नाही, उरलेली औषधाने राखता येईल, असे डॉक्टरांनी सांगितले. हत्यारे तेव्हा दोन गोणत्यांत आणि एका पेटीत होती. गोणत्यात हात घालून उघड्या धारेची पटाशी चाचपडणे आता धोक्याचे होते. नातलगांनी सुचवले, भंगारात देऊन टाका. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त पेटीवर हात ठेवला. हत्यारे विकायची नाहीत, ती बाबांच्या हाताला सापडतील अशी मांडायची, असे आम्ही ठरवले.

प्रथम सर्व हत्यारे अंगणात चादरीवर काढली आणि कामाप्रमाणे त्यांचे गट केले. मोजण्याची व आखण्याची, कापण्याची, तासण्याची, छिद्रे पाडण्याची, ठोकण्याची. मग जागा ठरवली. रोज लागणारे हत्यार कंबर आणि डोळे यांच्या दरम्यान, जड वस्तू खाली, क्वचित लागणाऱ्या वर. दाराजवळ धारेचे काहीही नाही.

भिंतीसाठी आम्ही एक सोपी युक्ती योजली. तिला फ्रेंच क्लीट म्हणतात. आमच्या घरी तिचे नाव खाचपट्टी पडले. 18 मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची पट्टी लांबीच्या बाजूने 45 अंशांच्या तिरक्या कापाने चिरायची. एक भाग भिंतीला स्क्रूने असा बसवायचा, की तिरकी कड वर राहील आणि तिचा उतार भिंतीकडे असेल. दुसरा भाग उलटा करून हत्यारांच्या फळीच्या पाठीला लावायचा. फळी वरून टेकवली की दोन्ही उतार एकमेकांत बसतात आणि वजनानेच पकड घट्ट होते. फळी हलवायची असेल तर उचलून दुसरीकडे टांगता येते. भिंतीला नवे छिद्र पाडावे लागत नाही. पट्टीच्या जाडीमुळे फळी भिंतीपासून सुटी राहते, हा पावसाळ्यातला मोठा लाभ. भिंतीची ओल थेट पोलादाला लागत नाही.

पटाश्यांसाठी खाचा पाडलेली आडवी फळी केली. मुठी वर, धारा खाली, आणि धारांच्या पुढे एक आडपट्टी, म्हणजे बोट धारेला लागत नाही. प्रत्येक खाचेपुढे आम्ही पितळी खिळे ठोकले. पाव इंचीला एक, अर्ध्या इंचीला दोन, पाऊण इंचीला तीन, एक इंचीला चार. बाबा आता डोळ्यांनी शोधत नाहीत. बोटाने खिळे मोजतात. करवतीच्या दातांवर जुनी पाण्याची नळी उभी चिरून बसवली. त्यामुळे दात शाबूत राहतात आणि हातही. रंधे ठेवायच्या फळीवर पुढच्या बाजूला एक बारीक पट्टी लावली. रंध्याचे टोक तिच्यावर टेकले की पाते फळीला घासत नाही. खिळे आणि स्क्रू यांसाठी प्लॅस्टिकच्या बरण्या घेतल्या. झाकणे मांडणीच्या खालच्या बाजूस स्क्रूने पक्की केली. बरणी फिरवली की हातात येते, आणि आत काय आहे ते बाहेरूनच दिसते.

हाताशी हवे असे पहिले उपकरण म्हणजे कापण्याचा पाट. साधारण 10 इंच लांब, 8 इंच रुंद फळी. पुढच्या कडेला खालून एक पट्टी, मागच्या कडेला वरून दुसरी. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडकते, वरच्या पट्टीला लाकूड टेकवून करवत चालवायची. लाकूड सरकत नाही, टेबल चिरले जात नाही. वरची पट्टी उजवीकडे थोडी आखूड ठेवली की करवत शेवटी पाटावरच उतरते. बाबांचा डावा हात वरच्या पट्टीवर टेकलेला असतो. रेषा अंधुक दिसली तरी सरळपणा त्यांना हाताला कळतो. यानंतर लांब फळ्या कापण्यासाठी दोन घोड्या केल्या. उरलेल्या तुकड्यांसाठी उभे कप्पे केले आणि एक नियम केला. वितीहून लहान तुकडा बंबाच्या सरपणात जाईल. हा नियम नसता तर तुकड्यांनी वर्षभरात पडवी व्यापली असती.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हत्यारांच्या पेटीत आणखीही काही दिसते. इजिप्तमध्ये 1920 साली मेकेत्रे या अधिकाऱ्याच्या थडग्यात लाकडी प्रतिकृती सापडल्या. त्यांत सुमारे 4000 वर्षांपूर्वीची एक सुतारशाळा आहे. कारागीर काम करीत आहेत आणि जवळच त्यांच्या हत्यारांची पेटी आहे. थडग्यासाठी घडवलेल्या त्या इवल्याशा कामशाळेतही हत्यारांची जागा विसरलेली नाही. इंग्लंडचे मेरी रोझ हे जहाज 1545 साली बुडाले आणि 1982 साली वर काढले गेले. त्यावरील सुतारांच्या पेट्यांतून हत्यारे मिळाली. लाकडी मुठी आणि रंध्यांचे लाकडी भाग टिकले. लोखंड मात्र बहुतांशी गंजून गेले होते. आपल्याकडे कार्ल्याच्या चैत्यगृहातील शिलालेखात धेनुकाकटाच्या सामी नावाच्या सुताराचे दान नोंदलेले आहे. त्याच चैत्याच्या छतावरील लाकडी कमानी आजही पाहायला मिळतात. सामीचे नाव दगडावर राहिले. त्याची करवत, त्याची पटाशी राहिली नाही.

म्हणून गंजाकडे आम्ही विशेष लक्ष देतो. काम संपले की पाते कोरड्या फडक्याने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवायचा. भुसा ओल धरून ठेवतो, म्हणून तो हत्यारावर राहू द्यायचा नाही. पावसाळ्यात दर रविवारी एकदा सर्व पाती पाहायची. हे काम मुलीकडे आहे. ती अकरावीत आहे. बाबा खुर्चीवर बसून सांगतात, ‘‘तीन खिळ्यांची काढ,’’ आणि ती पाऊण इंची पटाशी काढून त्यांच्या हातात देते. धार अंगठ्यावर आडवी हलकेच फिरवून ते ती पुरेशी आहे की नाही ते सांगतात. गेल्या उन्हाळ्यात तिने स्वतः एक पुस्तकांची मांडणी केली. सांधे बाबांनी बोटांनी तपासले आणि एक सांधा पुन्हा करायला लावला. तिने तो केला.

पूर्वी कोणते हत्यार कोठे आहे हे एकट्या बाबांना ठाऊक असे. ते घरी नसले की पडवीतले काम थांबे. आता भिंतीकडे पाहून घरातील कोणीही हत्यार घेऊ शकतो आणि रिकामी खाच पाहून काय परत यायचे आहे ते ओळखू शकतो. मांडणीचा खरा उपयोग आम्हाला एवढाच वाटतो. एका माणसाच्या डोक्यातील माहिती भिंतीवर येते आणि सर्वांची होते. विद्येच्या बाबतीत हीच गोष्ट आपल्या वडीलधाऱ्यांनी मोठ्या कष्टाने घडवून आणली. हत्यारांच्या बाबतीत ती घरोघर घडायला फार खर्च लागत नाही.

ज्यांच्या घरी वडिलांची, आजोबांची हत्यारे गोणत्यात पडून असतील, त्यांनी एका सुटीच्या दिवशी ती बाहेर काढावीत, गंज काढून तेल लावावे आणि पहिली एकच फळी भिंतीला लावावी. हत्यारे धरणारे हात असतील तोवर त्यांच्याकडून हत्यारांची नावे विचारून लिहून घ्यावीत. आमच्या फळीखाली ती नावे मुलीने खडूने लिहिली आहेत. पुसली की ती पुन्हा लिहिते.