पडद्यावरचा डाग

ही गोष्ट २००३ सालच्या उन्हाळी सुट्टीतली आहे. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आम्ही सुरगाण्याला राहत होतो. सुरगाणा हे नाशिक जिल्ह्यातील, गुजरातच्या सीमेजवळचे डोंगराळ भागातले गाव. अब्बांचे तिथे कापडाचे छोटे दुकान होते. बरीच वर्षे पैसे साठवून त्यांनी रंगीत टीव्ही घेतला होता. दिवसभर दुकानात राबून ते घरी येत आणि रात्रीच्या बातम्या पाहत. तेवढीच त्यांची करमणूक होती.

त्या सुट्टीत मामूंनी आम्हां भावांना व्हिडिओ गेम आणून दिला. तो टीव्हीला जोडून आम्ही तासन्‌तास खेळत असू. पडद्यावर गाड्या धावत, रस्ते बदलत. पण वरची गुणांची पट्टी जागची हलत नसे. खेळ बंद केला, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. म्हणून जेवायला किंवा नमाजाला जाताना आम्ही खेळ मध्येच थांबवत असू आणि टीव्ही तसाच चालू ठेवत असू.

सुट्टी संपत आली. एका रात्री अब्बा बातम्या पाहत होते. बातम्या सांगणाऱ्या बाईंच्या कपाळावर एक पुसट पट्टी दिसत होती. अब्बांनी रुमालाने काच पुसली. पट्टी गेली नाही.

"हे कशाने झाले?" त्यांनी विचारले.

ती पट्टी मी लगेच ओळखली. पण माझ्या तोंडून निघाले, "अब्बा, विजेचा दाब सारखा कमी-जास्त होतो ना, त्यामुळे झाले असेल."

अब्बांनी विश्वास ठेवला. चार दिवसांत त्यांनी स्टॅबिलायझर विकत आणला. पावसापूर्वी घराची फुटकी कौले बदलण्यासाठी ठेवलेले पैसे त्यात गेले. मग पाऊस सुरू झाला. स्वयंपाकघर गळू लागले. अम्मी गळतीखाली पातेली मांडत असे. मी ते पाहत होतो आणि गप्प होतो.

डाग तसाच राहिला. शेवटी अब्बांनी टीव्ही दुरुस्त करणाऱ्या चाचांना बोलावले. चाचा म्हणाले, "काचेला आतून फॉस्फरचा थर असतो. इलेक्ट्रॉनांचा झोत आदळला, की तो प्रकाशतो. एकच चित्र फार वेळ एका जागी राहिले, तर तिथला थर जास्त झिजतो. मग डाग कायमचा राहतो. यात विजेचा दोष नाही."

अब्बांनी माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घालून सारे सांगितले. ते रागावले नाहीत. इतकेच म्हणाले, "बेटा, तू त्याच रात्री खरे बोलला असतास, तर कौले तरी बदलता आली असती."

आज मी शिक्षक आहे. संगणकाचा पडदा वापरात नसताना त्यावर हलती चित्रे का येत, हे मी मुलांना समजावून सांगतो. ती अशा डागांपासून पडद्याला वाचवण्यासाठीच असत. आताच्या एलसीडी पडद्यावर राहिलेले चित्र बहुधा काही वेळाने नाहीसे होते. पण ओएलईडी पडद्यावर ते आजही कायमचे उमटू शकते. म्हणून खेळ थांबवला, तर पडदाही बंद करावा.

आमचा तो टीव्ही कधीच भंगारात गेला. त्याच्याबरोबर डागही गेला. पण पातेल्यांत टपटपणाऱ्या थेंबांचा आवाज मला अजून ऐकू येतो.