भाकरी लपवून ठेवा

केळीच्या मळ्यातलं कुत्रं आणि यावल गावातल्या नव्या प्लॉटवरचं कुत्रं, दोघांच्या वाट्याला ज्वारीचीच भाकरी येते. फरक दिसतो तो खाऊन झाल्यावर. मळ्यातलं बांधाबांधानं हिंडतं, उंदराच्या बिळात नाक खुपसतं, रात्री रानडुकराची चाहूल लागली की रान डोक्यावर घेतं. प्लॉटवरचं गेटपाशी साखळीला. जर्मनची ताटली दोन मिनिटांत चाटूनपुसून साफ, आणि पुढचा अख्खा दिवस रिकामा. मग ते चपला फाडतं, पाय चाटून चाटून लाल करतं, रोजच्याच दूधवाल्यावर रोज नव्यानं भुंकतं. आपण म्हणतो, माजलंय. माजेल कशानं? बिचाऱ्याच्या हाताला काम नाही.

गावाच्या उत्तरेला सातपुडा आडवा पसरलाय. तिथं १९६९ पासून यावल अभयारण्य आहे. त्यातल्या अस्वलाला कुणी ताट वाढत नाही. नखांनी वारूळ फोडायचं, फुंकरीनं माती उडवायची आणि वरचे पुढचे दोन दात नसल्यानं पडलेल्या फटीतून वाळवी सुर्रकन ओढून घ्यायची, हा त्याचा रोजचा खटाटोप. त्याची नखं, ओठ, नाक याच कामासाठी घडलेत. कुत्र्याचं नाकही शोधण्यासाठीच घडलंय. आपण त्याला आयती भाकरी दिली आणि तिच्यामागची धावपळ काढून घेतली.

प्राण्याला आयतं आवडतं, हाही आपलाच समज. १९६३ साली ग्लेन जेन्सन या अमेरिकी संशोधकानं कळ दाबून दाणे मिळवायला शिकलेल्या उंदरांपुढं दाण्यांनी भरलेली वाटीही ठेवली. वाटी समोर असताना पुष्कळ उंदीर कळ दाबूनच खात राहिले. पुढं कबुतरं, कोंबड्या, माकडं यांच्यातही ही खोड दिसली. मांजर तेवढं वेगळं निघालं. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात पाळीव मांजरांवर असाच प्रयोग झाला, तेव्हा बहुतेक मांजरांनी सरळ आयतं ताट पसंत केलं. मांजरीला ताटापेक्षा दोरीला बांधून ओढलेलं पीस द्यावं. तिला दबा धरायला काहीतरी हवं असतं.

बाजारात आता खाऊ भरायची रबरी खेळणी मिळतात. १९७०च्या दशकात अमेरिकेत जो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ नावाचा कुत्रा दगड चावून दात झिजवून घेत होता. फोक्सवॅगन गाडीचा एक रबरी सुटा भाग त्याच्या तोंडी लागला, आणि त्यावरून ‘काँग’ हे पोकळ खेळणं निघालं. म्हणजे मूळ खेळणं भंगारातलंच! आपल्याकडं तर जुनी गोधडी पुरते. तिच्या घड्यांत भाकरीचे तुकडे दडवायचे आणि ओट्यावर टाकायची. नाकपुड्या फुलतात, फुर्र फुर्र आवाज येतो, एक पाय घडीवर दाबून दुसऱ्यानं कापड उकरलं जातं. शेपटी सारखी हलत असते. दोन मिनिटांचं जेवण चांगलं पंधरा-वीस मिनिटं चालतं आणि त्यानंतर झोपही गाढ लागते. आमची आजी म्हणायची, “त्याले नुसतं खायाले घालू नको, काही काम बी सांग.”

शेळ्यांच्या बाबतीत ही युक्ती खेड्यात जुनीच आहे. सुबाभळीची फांदी जमिनीवर न टाकता आढ्याला टांगायची. शेळी मागच्या पायांवर उभी राहते, मान लांबवते, ओठांनी पाला खुडते. चारा तुडवला जात नाही आणि तिची चढायची हौसही भागते.

काही पथ्यं मात्र पाळावीच लागतात. दाणे काढलेलं मक्याचं कणीस कुत्र्यापुढं टाकू नये. त्याचा तुकडा आतड्यात अडकतो. भरीत कितीही लाडकं असलं तरी त्यातला कांदा, पात, लसूण त्याच्या रक्ताला बाधतात. खेळणं घशात जाईल इतकं लहान नको, फाटलं की फेकून द्यावं आणि पहिल्यांदा देताना समोर बसावं. खाऊ रोजच्या खाण्यातूनच काढावा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात असताना चेंडूमागं पळवणं जीवावर बेतेल. हुंगण्याचा खेळ मात्र सावलीतही रंगतो.

याला पैसा लागत नाही, थोडी सवड लागते. आज संध्याकाळची भाकरी ताटलीत टाकू नका. तुकडे करा, लपवा आणि त्याला शोधू द्या.