गुलमर्गच्या बर्फावर आम्ही दोघे

लग्नाला चोवीस वर्षे झाली तरी आम्ही उभयता, दोघेच असे, कधी कुठे गेलो नव्हतो. गेलो ते गावी, लग्नकार्याला, नाहीतर कुणाला दवाखान्यात बघायला. मुलगी नोकरीला लागली आणि तिनेच हट्ट धरला की, आता तुम्ही दोघेच जा. कुठे जायचे म्हटल्यावर हे लगेच म्हणाले, "बर्फ बघायचा." माझे मिस्टर वाशीच्या धान्य बाजारात माथाडी कामगार आहेत. जन्म उन्हात आणि गोणींच्या धुळीत गेलेल्या माणसाला बर्फाची हौस असावी, यात नवल ते काय! माझी भिशी लागली होती, थोडे लेकीने घातले आणि काश्मीरमधले गुलमर्ग ठरले.

जायचे होते जानेवारी २०२४ मध्ये. पण त्या हिवाळ्यात गुलमर्गला बर्फच पडेना. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांच्या कडक थंडीला 'चिल्लई कलान' म्हणतात. वर्षाचा खरा बर्फ याच दिवसांत पडायचा. पश्चिमेकडून येणारे ओले वारे त्या साली जोर धरीनात, आणि जिथे पांढरीशुभ्र गादी असायची तिथे वाळलेल्या गवताचे फोटो वर्तमानपत्रात येऊ लागले. आम्ही तिकिटे पुढे ढकलली. चिल्लई कलान सरता सरता, जानेवारीच्या अखेरीस बर्फ आला आणि फेब्रुवारीत आम्ही निघालो.

मुंबईहून जम्मूपर्यंत रेल्वे, तिथून जीपने बनिहाल. बनिहालला पुन्हा रेल्वेत बसलो. पीर पंजालच्या डोंगराखालून अकरा किलोमीटरचा बोगदा आहे, २०१३ मध्ये सुरू झालेला. गाडी आत शिरली तेव्हा हे डुलकी घेत होते. बाहेर पडताच त्यांना हलवून उठवले. दोन्ही बाजूंना घरांची छपरे, झाडे, रुळाकडेची जमीन, सगळे पांढरे. हे बराच वेळ काही बोललेच नाहीत.

गुलमर्ग म्हणजे फुलांचे कुरण. उंची सुमारे २,६५० मीटर. वर हॉटेले महाग, म्हणून आम्ही तेरा किलोमीटर खाली टंगमर्गला खोली घेतली. आपल्यासारख्यांना तेच परवडते. जाडजूड कोट आणि गमबूट टंगमर्गलाच भाड्याने मिळतात. भगिनींनो, गमबूट भाड्याचे चालतील, पण लोकरीचे मोजे मात्र दोन जोड घरून न्या. दुसऱ्याच्या पायातले ओले मोजे घालायची पाळी येऊ देऊ नका. रस्त्यावर बर्फ असला की चाकांना साखळ्या बांधलेल्या गाड्याच वर जातात.

वर पोचताच माणसांचा गराडा पडला. कुणी स्की शिकवणारे, कुणी घोडेवाले आणि बहुतेक लाकडी स्लेज ओढणारे. गिऱ्हाइकाला स्लेजवर बसवायचे आणि कमरेला दोरी लावून चढावर ओढत न्यायचे, हा त्यांचा धंदा. चाळिशीतला एकजण आमच्या मागेच लागला. ह्यांनी त्याच्या दोरीकडे पाहिले, खांद्याकडे पाहिले आणि साफ नकार दिला. "मी गोणी वाहतो. ओझे काय असते ते मला कळते. माणसाने ओढलेल्या गाडीवर मी बसणार नाही," असे मोडक्या हिंदीत सांगून टाकले. मला मनातून बरे वाटले. तो माणूस मात्र गप्प झाला आणि मग म्हणाला, "साहेब, पूरा जनवरी बर्फ नहीं था. आप नहीं बैठोगे तो मैं क्या खाऊँगा?"

याला काय उत्तर देणार? हे तिथेच उभे राहिले. तेवढ्यात मला दिसले की, उतारावरून येताना ओढणारा माणूसही पुढे बसतो आणि गिऱ्हाईक त्याच्या पाठीला धरून बसते. मी तसे ह्यांना सांगितले. ठरले ते असे : पैसे पुरे, चढ तिघांनी चालायचा, रिकाम्या स्लेजची दोरी दोघा पुरुषांनी धरायची आणि उतार एकत्र उतरायचा. तो हसायला लागला. असे गिऱ्हाईक त्याला भेटले नसावे. वर चढताना ह्यांनी त्याला गोणीची मजुरी सांगितली, त्याने बर्फाची. उन्हाळ्यात तो घोडा धरतो, हिवाळ्यात स्लेज, आणि बर्फ पडला नाही तर घरी बसतो. उतरताना मी डोळे मिटून ओरडले, तेही सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी स्की. इंग्रजांच्या काळापासून इथे हा खेळ चालतो. सरकारची शिकवणारी संस्थाही १९६८ पासून आहे. आम्ही एका मुलाकडून तासभर धडे घेतले, दर आधी ठरवूनच. बूट इतके कडक की घोटा वळतच नाही. पहिला धडा पळण्याचा नव्हे, थांबण्याचा : पायांची पुढची टोके जवळ आणायची, टाचा बाहेर ढकलायच्या, म्हणजे फळ्या बर्फ खरवडतात आणि वेग मोडतो. ऐकायला सोपे! मी सात वेळा पडले. हे दोनदाच पडले. ओझ्याखाली तोल सांभाळायची सवय. आजूबाजूला भारी कपड्यांतले लोक होते, पण बर्फात सगळेच सारखे आपटत होते.

तिसऱ्या दिवशी गोंडोला. त्याचे तिकीट आधी ऑनलाइन काढावे लागते. लेकीने घरून काढून दिले होते. कोंगदोरीपर्यंतचा पहिला टप्पा १९९८ मध्ये, अफरवट पर्वतावर जाणारा दुसरा २००५ मध्ये सुरू झाला. तो जवळजवळ चार हजार मीटरवर जातो. श्वास लागेल म्हणून आम्ही कोंगदोरीलाच उतरलो. आम्ही घरी आल्यानंतर, २२ फेब्रुवारीला, खिलनमर्गच्या वरच्या अंगाला हिमकडा कोसळून एक रशियन स्कीपटू गेला. आखलेल्या उताराबाहेर जाऊ नका असे तो शिकवणारा मुलगा पुन्हा पुन्हा सांगत होता.

संध्याकाळी घरमालकिणीने मला कांगडी दिली. वेताच्या टोपलीत मातीचे भांडे, त्यात निखारे. ती फेरनच्या आत धरतात. मीठ घातलेला गुलाबी चहा ह्यांना मुळीच आवडला नाही. मी दोन वेळा घेतला.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामला पर्यटकांच्या हत्या झाल्या तेव्हा ह्यांनी त्या स्लेजवाल्याला फोन केला. तो रडत होता. म्हणाला, मेलेल्यांचे दुःख आहेच, पण आता घोड्यावर बसायलाही कुणी येणार नाही. जून २०२५ पासून कटऱ्याहून थेट श्रीनगरला रेल्वे सुरू झाली आहे. आमच्या चाळीतली दोन जोडपी विचारायला येतात. ह्यांनी त्यांना त्याचा नंबर लिहून दिला आहे.