ओसरत्या पाण्याचे दिवस

फाल्गुन सरत आला की पवना धरणाचं पाणी काठ सोडू लागतं. तुंग आणि तिकोना हे गड जागच्या जागी असतात, लोहगड-विसापूरची रांग तशीच असते. पाण्याची कड तेवढी रोज थोडी खाली उतरते. महिनोन्‌महिने बुडालेली माती उघडी पडते, तडकते, तिच्यावर कोवळं गवत येतं आणि गावची गुरं त्या गवतावर उतरतात. वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ पाण्याबाहेर येतं आणि माणसं पायी चालत दर्शनाला जातात. पांगाऱ्यावर मैनांची झुंबड उडालेली असते. सकाळचा गारवा अजून अंगाला लागतो, पण दहा वाजले की ऊन डोक्यावर बसतं.

गळ टाकून बसणाऱ्याचे हे दिवस. पिंपरी-चिंचवडमधल्या कितीतरी कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, म्हणून पवनेच्या काठी गुरुवारीही माणसं दिसतात. तिकडे चाकणच्या बाजूला थर्ड शिफ्ट करून सुटलेली पोरं झोपायचं सोडून थेट भामा आसखेडच्या पाण्यावर जातात. अंगात कंपनीचा शर्ट, हातात बांबूची काठी, डब्यात ओल्या मातीतली गांडुळं, कागदात कणकेचा गोळा. आठ तास यंत्रांच्या आवाजात काढलेल्या माणसाला पाण्याकडे नुसतं बघत बसायला मिळणं ही मला चैन वाटत नाही, ती त्याची गरज वाटते.

चैत्रातल्या पाण्याची एक रीत आहे. अगदी पहाटे मासा सुस्त असतो. रात्रभर पाण्यातल्या वनस्पती आणि जीव प्राणवायू वापरत राहतात, नवा तयार होत नाही. म्हणून उजाडायच्या सुमाराला पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. सूर्य वर आला, शेवाळाचं काम सुरू झालं की मासा हलू लागतो, खाऊ लागतो. दुपारी घाटमाथ्यावरून पश्चिमेचा वारा सुटतो. तंगुसाला बांधलेला थर्माकोलचा तुकडा लाटांवर नाचतो, आणि ओढ माशाची की वाऱ्याची हे कळत नाही. नवखा मग आडोशाला जातो. जाणता मात्र वारा तोंडावर घेऊन बसतो, कारण लाटा ज्या काठावर आपटतात तिथे किडे आणि बारीक अन्न गोळा होतं, आणि मासाही तिथेच येतो. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. गळ किती खोल सोडायचा ते त्यावरून ठरतं. मरळ गवताच्या कडेला सापडते, वाम दगडांच्या सांदीत.

कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेकडचे. साठलेल्या पाण्यात ते सहसा वीत नाहीत, त्यांना पावसाळी वाहतं पाणी लागतं. म्हणून धरणात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडावी लागतात. धरणातल्या मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांना दिला जातो. हौसेने जाणाऱ्याने आधी विचारून बसावं. मावळातले कातकरी या पाण्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या ओढ्या-नद्यांचे मासे धरत आलेत. कुठल्या दगडाखाली हात घालायचा हे ज्ञान पुस्तकात मिळत नाही. त्यांच्यासाठी मासा म्हणजे संध्याकाळचं कालवण. आपण शहरातले तिथे पाहुणे आहोत, हे विसरू नये.

इथला मूळ राजा महसीर. कर्नल विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९मध्ये दख्खनच्या माशांचं वर्णन शास्त्रापुढे मांडलं. त्यातला हा महसीर पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला होता. आपल्या दारातल्या नद्यांनी जगाला ओळख करून दिलेला हा मासा. त्याला स्वच्छ, थंड, खळाळतं पाणी लागतं आणि विण्यासाठी प्रवाहाच्या उलट वर चढावं लागतं; धरणाची भिंत त्याला आडवी येते. लोणावळ्याला, इंद्रायणीच्या उगमाकडे, वळवणच्या तलावाशी टाटांच्या वीज कंपनीने गेल्या शतकाच्या सत्तरीत महसीरची पैदास सुरू केली आणि तिथली पिल्लं देशभर गेली. हे काम मोठं आहे, मला त्याचा अभिमान वाटतो. पण त्याच इंद्रायणीत खाली आळंदीला पाण्यावर रसायनांचा पांढरा फेस तरंगतो, तेव्हा तो अभिमान पुरत नाही.

आणि पवनेचं ओसरणारं पाणी जातं कुठे? पवनेचा साठा सुमारे साडेआठ टीएमसी. धरणातून सोडलेलं पाणी नदीपात्रातून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून उपसून निगडीच्या सेक्टर २३मध्ये शुद्ध होतं आणि आपल्या पिंपरी-चिंचवडच्या नळांना येतं. वसंतात हे पाणी ओसरतं, कारण आपण ते पितो. हेच पाणी बंद जलवाहिनीतून आणण्याला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा बळी गेला. पवनेच्या काठी बसलेल्या प्रत्येकाला ही तारीख माहीत असायला हवी.

पिऊन, वापरून झाल्यावर आपण नदीला काय परत करतो, ते चिंचवडला मोरया गोसावींच्या मंदिरामागच्या घाटावर उभं राहून बघावं. वर धरणात याच दिवसांत पाणी आरशासारखं असतं. इथे सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसलेली जलपर्णी काठापासून काठापर्यंत पसरते. तिच्याखाली उजेड नाही, वाऱ्याचा स्पर्श नाही. पाणी तापलं की त्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो: वीस अंशांना लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम, तिसाला साडेसात. त्यात मैला मिसळला की उरलेलाही संपतो. उन्हाळ्याच्या तोंडावर नदीत मेलेल्या माशांचा खच दिसतो तो असा. एकच नदी, एकच ऋतू. वर मासा काठाला चरायला येतो आणि खाली तो श्वासासाठी तोंड वर काढतो. मला हे सहन होत नाही.

तेव्हा जरूर जा. चैत्रातली एक सकाळ पवनेच्या किंवा भामा आसखेडच्या काठी घालवा, मुलांना घेऊन जा. पण पोहायला उतरू नका; वरून सपाट दिसणाऱ्या गाळाखाली एकदम खोली असते, आणि तिथे दर वर्षी माणसं बुडतात. तुटलेला तंगूस काठावर टाकू नका, त्यात पाणपक्ष्यांचे पाय अडकतात. हातभर नसलेला कटला पुन्हा पाण्यात सोडा. घरच्या काचपेटीतले मासे धरणात सोडू नका. आणि परत आल्यावर आपल्या नगरसेवकाला एकच प्रश्न विचारा: आपल्या प्रभागातलं सांडपाणी शुद्ध होऊन नदीत जातं का? लेखी उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.