घट्ट

माझी सगळी नोकरी शॉप फ्लोअरवर झाली. त्यामुळे सैल स्क्रू दिसला की माझे हात शिवशिवतात. कुकरचं हँडल असो की शेजाऱ्यांच्या गेटची बिजागरी, माझ्या तावडीतून काही सुटत नाही. (नातेवाईक मंडळी इथे हसतील. हसू दे.)

आमची लेक नेमबाजी करते हे तुम्हाला माहीत आहेच. आधी एअर रायफल होती. १ ऑगस्ट २०२४ ला आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं आणि बाईसाहेबांनी जाहीर केलं, "बाबा, आता पॉइंट टू टू!" क्लबची लाकडी स्टॉकची रायफल मिळाली.

तर एका रविवारी ती रायफल पुसायला मदत करताना मला स्टॉकच्या खालचे दोन स्क्रू दिसले. हेच ॲक्शनला लाकडात धरून ठेवतात. ॲलन की लावली तर पुढचा थोडा फिरला. झालं! कुणालाही न विचारता दोन्ही कचकचून आवळले.

पुढचे तीन आठवडे वाईट गेले. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. आधी तिच्या पाच गोळ्या पाच रुपयांच्या नाण्यात मावायच्या, आता कुठेही जायला लागल्या. मग माझी भाषणं सुरू... मोबाईल कमी कर, लवकर झोप, लक्ष कुठे असतं तुझं? ती ऐकून घ्यायची. एका रात्री जेवताना म्हणाली, "बाबा, मला बहुतेक नाही जमत. सोडून देऊ?"

दुसऱ्या दिवशी मी सरांना गाठलं. त्यांनी आधी तिला रायफल घेऊन झोपवलं, नेम धरून डोळे मिटायला सांगितलं आणि थोड्या वेळाने उघडायला. नेम बाजूला सरकलेला! स्टॉक तिच्यासाठी लांब होता आणि गालाखालची पट्टी खाली. त्यामुळे दर वेळी मान ताणून ती साइटपर्यंत पोचत होती. रायफल माणसाला बसली नाही तर माणूस स्नायूंनी ती रेटून धरतो, आणि थकलेला स्नायू दर गोळीला वेगळं वागतो.

मग सरांनी स्क्रूला की लावली आणि विचारलं, "हे कुणी आवळले?"

मी हात वर केला. लेक माझ्याकडे बघतच राहिली.

सरांनी माझाच डायल गेज मागवला. तो बॅरलला लावून पुढचा स्क्रू सोडला, तर काटा चांगलाच हलला. म्हणजे ॲक्शन लाकडावर सपाट बसलेली नव्हती आणि मी ती आवळून चक्क वाकवली होती. आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलेली गोष्ट! पॉइंट टू टूची गोळी तशी संथ, बॅरलमधून बाहेर पडायला वेळ घेते. तेवढ्यात बॅरल कशी थरथरते यावर सगळं अवलंबून. सैल स्क्रूने ॲक्शन जागा बदलते, अति घट्ट स्क्रूने ताण येतो. शिवाय लाकूड पावसाळ्यात फुगतं, ते वेगळंच.

बैठक नीट करून घेतली. मग एकाच लॉटच्या गोळ्या, रायफल टेकूवर आणि हातात टॉर्क रेंच. कमी टॉर्कपासून सुरुवात, दर वेळी अर्धा न्यूटन-मीटर वाढवायचा, पाच गोळ्या झाडायच्या, कागद जपून ठेवायचा. साडेचारला गोळ्या पुन्हा एकत्र आल्या. हा आकडा त्या एका रायफलचा, दुसरीचा वेगळा असेल. स्टॉकही तिच्या मापाचा करून घेतला.

घरी येताना गाडीत मी म्हटलं, "सॉरी गं. चूक माझी होती आणि बोलणी तू खाल्लीस."

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाबा, मला स्क्रूचं काही नाही वाटलं. लक्ष नाही म्हणालात ना, ते लागलं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. टॉर्क रेंच आता तिच्या बॅगेत असतो आणि ॲलन कीला हात लावायची मला बंदी आहे. स्कोअर हळूहळू सुधारतोय. भाषणं बंद आहेत. निदान प्रयत्न तरी चालू आहे.